हॅरी पॉटरला धीर दिला कुणी: दोस्तांनी, की त्याचा त्यानंच मिळवला?

मंगळवारपेठकरीण:
दर रविवारी पेठेतली सहा-सात पोरं आमच्या घरी वाचायला जमतात. सध्या हॅरी पॉटरचा चौथा भाग चालू आहे. काल ड्रॅगनपर्यंत पोचलो. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जादूच्या शाळेतल्या स्पर्धेच्या चषकातून हॅरीचं नाव निघतं, यानंच लबाडीनं टाकलं असं जवळजवळ सगळ्या शाळेला वाटतं, जिवलग दोस्त रॉनसुद्धा बोलणं टाकतो. सोबत उरते मैत्रीण हर्मायनी. लांबची वस्तू मंत्रानं आपल्याकडं खेचून घेणं हॅरीला काही केल्या जमत नसतं. रात्रीचे दोन वाजलेत, हा शेकोटीपाशी उभा, भोवती पुस्तकं, लेखण्या, उलट्या पडलेल्या खुर्च्या आणि वर्गातल्या नेव्हिलचा बेडूक! ती जागी राहून त्याच्याकडून घोटून घेते. दुसऱ्या दिवशी ड्रॅगनसमोर तो आपला उडायचा झाडू बोलावतो, आणि झाडू येतो.

हॅरीचा आत्मविश्वास त्या जागरणात तयार झाला, असं मला ठाम वाटतं. आमच्यातला एक मुलगा वाचताना अडखळतो. त्याच्या शेजारी बसणारी मुलगी ओळीखाली बोट धरते आणि गप्प राहते. शब्द सांगत नाही, वाट बघते. काल त्यानं झाडू येतो ते अख्खं पान एकट्यानं वाचलं.

लालमाती:
ताई, राग मानू नका, पण मला हे पटंना. तिसरा भाग आठवा. तळ्याकाठी डिमेंटरांची, म्हंजे माणसातला आनंद शोषणाऱ्या भुतांची, झुंबड उडालीय, रॉनचा पाय मोडलेला, हर्मायनीला हॅरीनं मागं सोडलंय. तिथं त्यानं पॅट्रोनस, त्यांना पळवून लावणारा मंत्र, काढला तो कुणाच्या जिवावर? तो जादूनं काळात मागं आलेला, त्याला कळलं की मघाशी पलीकडच्या काठावर आपण बघितलं ते आपणच होतो. हे आपण एकदा केलंय, म्हंजे जमणार. झालं! खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडत असती, माणसं घसा फोडून ओरडत असत्यात, पण समोरच्यानं मानेवर हात टाकला की त्यातलं काय ऐकू येत न्हाई. कुस्ती तुमची एकट्याची असती.

राजारामपुरी सातवी गल्ली:
मी लालमातीदादांच्या बाजूची, पण माझं कारण वेगळं आहे. कॉलेजात मी कविता लिहायचे. आमच्या ग्रुपला माझी प्रत्येक ओळ भारी वाटायची. एकीनंही कधी बोट ठेवलं नाही. पुढं बाहेर एका कार्यक्रमात वाचायला उभी राहिले, लोक चुळबुळ करायला लागले, तेव्हा पाय लटपटले. त्यानंतर चार वर्षं वही उघडली नाही. त्या मैत्रिणी वाईट नव्हत्या. म्हणूनच ‘दोस्तांचा आधार’ म्हटलं की मी सावध होते.

मंगळवारपेठकरीण:
सातवी गल्ली, तुझं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुला मिळालं ते कौतुक. मी बोलतेय ते रात्री दोनपर्यंत बसण्याबद्दल.

आणि लालमातीदादा, पाचवा भाग बघा. हर्मायनी म्हणते, काळ्या जादूपासून बचाव तू आम्हाला शिकव. ती आणि रॉन त्याचे पराक्रम एकेक करून मोजतात, आणि हा भडकतो. निव्वळ नशीब होतं, बहुतेक वेळा कुणाची ना कुणाची मदत होती, असं ओरडताना जखमी हात बुडवलेलं औषधाचं भांडं पडून फुटतं! तुम्ही म्हणता तसा पॅट्रोनस तर त्यानं केव्हाच काढलाय. तरी सव्वा वर्षानंतरही स्वतःवर विश्वास नाही. केलेलं काम आपलं आहे हे त्याला मोजून दाखवायला ही दोघं लागली. पुढं त्याच शिकवणीत नेव्हिल कुठल्या कुठं पोचतो.

बरं, मला सांगा, तालमीत रोज पहाटे तुम्ही लढत कुणाबरोबर करता?

लालमाती:
जोडीबरोबर. आता जोडीचं काढलं की मी काय बोलणार! माझ्या जोडीदारानं मला दोन वर्षं एकाच कलाजंगावर पाडलंय. एकदा म्हणून सोडलं न्हाई. मैदानात तोच डाव माझ्यावर पडला, तर अंग आपोआप सुटलं.

पण त्या मैदानात तो नव्हता ताई. त्याच्या बहिणीचं लगीन होतं त्या दिवशी. म्हणून तळ्याकाठचं मी सोडत न्हाई.

राजारामपुरी सातवी गल्ली:
दादा, तो दोन वर्षं पाडत होता तेव्हा तुम्हाला राग नाही आला?

लालमाती:
रोज यायचा. घरला जाताना सायकलवर डबलसीट त्यालाच घ्यायचो.