अनुभव धागा: हर्ड, स्वॉर्म, गँग, मॉब... तुम्ही शब्द कसा ठरवता?

शाळेत आपण यादी पाठ केली: गुरांचा हर्ड, मेंढ्यांचा फ्लॉक, लांडग्यांचा पॅक. परीक्षेपुरतं ते चाललं. पण कामात इंग्रजी लिहिताना जवळजवळचे दोन शब्द समोर आले, तर काय बघून निवडता? मी इंग्रजी शिकवते आणि मुलांना यादीपेक्षा खरी उदाहरणं द्यायची आहेत. आपापल्या कामातलं लिहा.

मधपाळ, महाबळेश्वर
हॉटेलवाल्यांचे फोन येतात, बहुतेक वेळा इंग्रजीत. हाइव्ह म्हणजे माश्यांचं घर, आमची लाकडी पेटीसुद्धा. कॉलनी म्हणजे राणी, कामकरी, नर, पिल्लं असा अख्खा संसार. स्वॉर्म म्हणजे वसाहत फुटून जुन्या राणीबरोबर बाहेर पडलेल्या, नवी जागा मिळेपर्यंत फांदीला लटकलेल्या माश्या. सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीचा, स्वॉर्म असेल तर रिकामी पेटी घेऊन निघतो. राखायला पोळं नि पिल्लं नसतात, त्यामुळे तो सहसा शांत असतो. भिंतीतली कॉलनी काढायची तर पोळी कापावी लागतात, तयारीच वेगळी. म्हणून फोनवर मी आधी विचारतो: पोळं दिसतंय, की नुसत्या माश्या?

गँगमनची मुलगी, भुसावळ
वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासायचे, खडी ठोकायची, स्लीपर बदलायचे. 'आमची गँग' असं ते अभिमानानं म्हणायचे. निबंधात मी गँग लिहिलं, तर शाळेत ते खोडून टीम केलं गेलं. मला ते अजूनही पटत नाही. एका ठेक्यात पहारी लावून रूळ सरकवणाऱ्या मजुरांचा रेल्वेतला शब्द गँग हाच आहे.

कृषी खात्यात काम, नागपूर जिल्हा
मे २०२० मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरकडे आली. शेतकरी थाळ्या, डबे वाजवत शिवारात उभे होते. टोळांच्या इंग्रजी अहवालांत दोन शब्द येतात. पंख फुटलेल्या, उडणाऱ्या टोळांचा स्वॉर्म. पंख नसलेल्या, जमिनीवरून उड्या मारत पुढे सरकणाऱ्या पिल्लांचा बँड. आपल्याकडे उतरले ते स्वॉर्म. तिथे बँड लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यानं अर्थ काढला असता की टोळांनी इथेच अंडी घातली आणि पिल्लंही बाहेर पडली. उपायही मग बदलतात. पिल्लांना चर खणून अडवता येतं. स्वॉर्म मात्र संध्याकाळी जिथे बसला, तिथेच उजाडण्याआधी फवारणी करून गाठावा लागतो, कारण ऊन चढलं की तो उठतो.

धागाकर्ती
चर खणायचं उद्याच वर्गात सांगते! अजून येऊ द्या.

न्यायालयीन अनुवादक, पुणे
मराठी जबाबात येतो 'जमाव'. इंग्रजीत करताना क्राउड, मॉब की असेंब्ली? क्राउड म्हणजे नुसती जमलेली माणसं. मॉब लिहिलं की अनुवादकानंच निकाल दिल्यासारखं होतं: बाजारात उभा असलेला आणि काठी चालवणारा एकाच माळेत. कायद्याचा शब्द अनलॉफुल असेंब्ली. त्याला पाच किंवा अधिक माणसं लागतात आणि कायद्यात सांगितलेला समान उद्देशही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जात, समाज, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी संगनमतानं केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. बातम्या त्याला मॉब लिंचिंग म्हणतात, पण कलमात शब्द आहे 'ग्रुप'. साक्षीदारानं नुसतं 'जमाव' म्हटलं असेल, तर मी क्राउडच्या पुढे जात नाही.

पक्षीनिरीक्षक, सातारा
कावळ्यांच्या थव्याला मर्डर वगैरे इंग्रजी नावं मुलांकडून घोकून घेतात, त्याबद्दल. असल्या नावांची यादी इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या शिकारीच्या पुस्तकातही आहे. वाचायला मजेदार, पण नोंदवहीत आम्ही फ्लॉकच लिहितो. हिवाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात निखार, सुभग, कोतवाल, शिलींध्री एकत्र किडे टिपत फिरतात. तो मिक्स्ड फ्लॉक. त्याला एका जातीचं नाव लावणार तरी कसं? फक्त तेवढंच लिहून थांबू नका, प्रत्येक जातीची संख्या वेगळी नोंदवा.