मुलांना कपाटापर्यंत जाऊ देणारे ग्रंथालय ठाण्यात कसे घडेल?

प्रश्न : एक आई, कासारवडवली

माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते आणि अडखळत का होईना, जोडाक्षरे वाचू लागली आहे. घरातली पुस्तके वाचून झाली, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही घोडबंदर रस्त्यावरून बसने ठाणे स्थानकापर्यंत आलो आणि एका जुन्या ग्रंथालयात अनामत व वर्गणी भरून तिचे सभासदत्व घेतले. देवघेवीच्या टेबलावर आम्हाला एक यादी देण्यात आली आणि तिच्यातून नाव निवडून चिठ्ठीवर लिहून द्या, असे सांगण्यात आले. टेबल तिच्या कपाळाइतके उंच होते. तिने मला हळूच विचारले, "आई, चित्रं न बघता पुस्तक कसं निवडायचं?" कपाटांजवळ जाण्याची परवानगी नव्हती आणि बसून वाचण्याची खोली स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेली होती. कर्मचारी सौजन्याने वागले, हेही आवर्जून सांगते. सार्वजनिक ग्रंथालयाने लहान मुलांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या पालकांसाठी काही वेगळे करावे, ही अपेक्षा चुकीची आहे का? सभासद म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

आपली अपेक्षा मुळीच चुकीची नाही, मात्र कुलपामागचे कारण समजून घेतले तर मार्ग काढणे सोपे जाईल. आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात आणि 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार त्यांना मान्यता, 'अ' ते 'ड' असा वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळते. तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीतील पुस्तक जागेवर नसेल तर उत्तर ग्रंथपालाला द्यावे लागते, त्यामुळे पुस्तक वाचले जाण्यापेक्षा ते शाबूत राहण्याची काळजी अधिक वाहिली जाते. मीसुद्धा अनेक वर्षे बालविभागाच्या कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवत असे, याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

पुढे एका उन्हाळी सुट्टीत आम्ही खालचे दोन कप्पे मुलांसाठी उघडे ठेवले आणि पुस्तके कण्याकडून न लावता मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडली. काही पाने फाटली, दोन-तीन पुस्तके परत आली नाहीत. पण ज्या पुस्तकाच्या मागच्या तारीख-चिठ्ठीवर पाच वर्षांत जेमतेम चार शिक्के पडले होते, त्याला त्या सुट्टीत नवी चिठ्ठी चिकटवावी लागली. 1893 मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले, तेव्हा मराठी ग्रंथ एकत्र करून जपणे हेच मोठे काम होते. पुस्तके वापरासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र आम्ही प्रशिक्षणात तोंडपाठ केले होते, पण ते अंमलात यायला आम्हाला ती सुट्टी यावी लागली.

उत्तर २ : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कळवा

अभ्यासिकेविषयी थोडे सांगतो. आमचे पाच जणांचे कुटुंब एका खोलीत राहते आणि रात्री दहापर्यंत मिळणारे टेबल व दिवा मला अभ्यासिकेखेरीज कोठेही मिळत नाही. मुलांना जागा मिळावी, पण ती आमची जागा काढून घेऊन नव्हे. सकाळी नऊ ते अकरा या वेळेत आमच्याकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. रविवारी ती वेळ मुलांना दिली तर कोणाचीच तक्रार असणार नाही, असे मला वाटते.

उत्तर ३ : एक आजी, नेरूळ

आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सतरंजी अंथरून आम्ही तीन आज्या मुलांना पुस्तके वाचून दाखवतो. मुलांसोबत आई-वडीलही थांबतात, हे मला अधिक मोलाचे वाटते, कारण घरी मराठीत वाचून दाखवण्याची सवय ज्यांची सुटली होती, असे दोन तरुण वडील आता स्वतः वाचायला बसतात. मुलांना एकच पुस्तक पुन्हा पुन्हा हवे असते आणि आम्ही ते देतो. ग्रंथालयाने एवढे जरी केले, सतरंजी, कमी उंचीचे कपाट आणि वाचून दाखवणारे एक माणूस, तरी पुष्कळ होईल. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. माणसे आमच्यासारख्या निवृत्तांमधून मिळतील.

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

एक राहिले. मागणी तोंडी करू नका. कार्यकारिणीच्या नावे पत्र द्या, त्यात दिवस आणि वेळ स्पष्ट लिहा, पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या आणि फाटलेली पुस्तके चिकटवून देण्याची जबाबदारी पालक घेतील, असेही नमूद करा. हरवलेल्या पुस्तकाची भीती दूर झाली की किल्ली लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पत्राचा मसुदा तयार केला असून रविवार सकाळी नऊ ते अकरा हीच वेळ त्यात घातली आहे. मुलीच्या वर्गातील चार पालक सही करायला तयार आहेत. डिंक आणि पारदर्शक चिकटपट्टी आम्हीच नेऊ, हे वाक्य तिने स्वतः सांगून पत्रात लिहायला लावले.