मदत हवी आहे : हापूसची फळं लहानच राहतात

सड्यावरचा : परसातल्या हापूसला सलग तिसऱ्या वर्षी आंबे धरले, पण मोठ्या लिंबाएवढेच. खतपाणी वेळेवर चालू आहे. मोहोर यायच्या आत काय घालू? लवकर सांगा.

बागकर : झाडाचं वय? कलम की कोयीचं? गाव?

गोठेवाला : शेण-गोमूत्राचं जीवामृत सुरू करा, एकरी २०० लिटर. आमच्या कोयीच्या रायवळांना केवढे आंबे येतात!

कातळवाडी : जीवामृताने जमीन सुधारेल, जात बदलत नाही. सड्यावरचे, फळ कापून बघा. मोहोरात थंडी पडली की फलन नीट होत नाही, मग बिनकोयीच्या बारक्या कैऱ्या राहतात.

नवा बागायतदार : कल्टार हे वाढ रोखणारं औषध घाला, मोहोर लवकर येतो. पहिल्या पेटीला भावही मिळतो.

कातळवाडी : त्यांना मोहोर नको, आकार हवाय.

सड्यावरचा : कोय भरलेली आहे. देवगडजवळ, झाड १२ वर्षांचं. वडिलांनी सगळ्यात मोठा आंबा निवडून त्याची कोय लावली होती, म्हणून तर कळत नाही.

बागकर : अहो, हे आधी सांगायचंत! हापूसच्या कोयीत एकच गर्भ, तोही परागीभवनातून झालेला. आई हापूस, बाप शेजारचा कुठलाही रायवळ. निवडलेला आंबा मोठा होता तो जागेमुळे, पोषणामुळे. त्याच आईझाडाच्या बारक्या आंब्यातही आईचे जीन तेच असतात. फळाचा आकार अनेक जीन मिळून ठरवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पेशी किती वेळा विभागायच्या, नंतर किती फुगायच्या, हे त्यांच्या हाती. टोमॅटोत २००० साली सापडलेला एफडब्ल्यू २.२ हा जीन पेशीविभाजनाला लगाम घालतो. चेरीतही त्याच कुळातल्या जीनचा आकाराशी संबंध दिसलाय.

गोठेवाला : मग आमची कोयीची झाडं मोठे आंबे कशी देतात?

कातळवाडी : देतील की. प्रत्येक कोयीत जुळणी वेगळी. अशाच संकरातून निवडून १९८१ मध्ये दापोली विद्यापीठाचा रत्ना आला. नीलम आणि हापूसचा संकर, फळ हापूसहून मोठं, साका (गरातला स्पंजासारखा खराब भाग) नाही.





सड्यावरचा : म्हणजे झाड तोडायचं? वडिलांच्या हातचं आहे हो.

बागकर : मुळीच नाही. फांद्या टप्प्याटप्प्याने छाटा, जोमदार धुमाऱ्यांवर हापूसच्या काड्यांचं कलम करा. मुळं वडिलांच्या झाडाचीच राहतील. ज्या झाडाची कोय होती ते आहे अजून?

सड्यावरचा : आहे, चुलत्यांच्या बागेत.

बागकर : मग काडी त्याचीच आणा.