मदत हवी आहे: रिमोट फंक्शनमधला पॉपअप काट्यावरच्या प्रोग्रामला येतच नाही, सरळ डंप (फंक्शन मधेच बंद पडतं)

राम राम मंडळी. धुळ्याला अवधान एमआयडीसीत एका तेल कारखान्यात सॅपचं (कंपनीचा माल-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) काम बघतो, तीन दिवस झाले एकाच जागी अडकलोय. वजनकाट्याच्या पीसीवर जावाचा प्रोग्राम आहे, गाडी रिकामी होऊन वजन झालं की तो जेको (जावाला सॅपशी जोडणारी लायब्ररी) वापरून सॅपमधलं आमचं एक झेड फंक्शन (आम्हीच लिहिलेलं) कॉल करतो आणि सरकीची आवक चढवतो. वजन चलनापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर जास्त भरलं की फंक्शनमधे पॉपअप_टू_कन्फर्म आहे, "वजन जास्त आहे, पुढे जायचं का?" असं विचारणारा. एसई३७ (फंक्शन चालवून बघायची सॅपची स्क्रीन) मधून चालवलं की पॉपअप मस्त येतो. आमच्या दुसऱ्या सॅप सिस्टिममधून एसएम५९ चं डेस्टिनेशन (पलीकडच्या सिस्टिमच्या कनेक्शनची नोंद) लावून कॉल केला तरी माझ्याच स्क्रीनवर येतो. पण काट्यावरून कॉल झाला की एसटी२२ (डंपची यादी) मधे डायनप्रो_सेंड_इन_बॅकग्राउंड, म्हणजे दाखवायला जागा नसताना स्क्रीन पाठवली.

जावा ज्या यूजरने लॉगिन करतो तो सिस्टिम टाइपचा (प्रोग्रामसाठीचा) होता, डायलॉग (माणसासाठीचा) केला, तरी तेच. आता सगळे म्हणताहेत काट्याच्या पीसीवर सॅप गुई (सॅपच्या स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) टाकून दे. चोपडा, शिरपूरकडच्या गाड्या पहाटेपासून रांगेत असतात, ड्रायव्हर लोक बिचारे उपाशी बसून राहतात आणि जास्त वजनाची एक गाडी आली की मागचं सगळं थांबतं, म्हणून घाई आहे. गुई टाकू का फंक्शन बदलू?

—

उत्तर:
भाऊ, गुई टाकू नका. सॅपमधून सॅपमधे सिंक्रोनस (उत्तर येईपर्यंत थांबणारा) कॉल होतो तेव्हा पलीकडचं फंक्शन कॉल करणाऱ्याच्या गुईचंच कनेक्शन वापरतं, म्हणून पॉपअप तुमच्यापुढे आला. जावा प्रोग्रामच्या मागे गुईच नाही, मग स्क्रीन पाठवायची कुठे? डायलॉग यूजर म्हणजे नुसती परवानगी, स्क्रीन त्याने तयार होत नाही. जेकोत यूज_सॅपगुई नावाचा पर्याय आहे, पण त्याला त्याच पीसीवर गुई लागते आणि काट्यावरच्या माणसाने ती खिडकी चुकून बंद केली की आवक अर्धवट.

बापीला (बाहेरून कॉल करायचं सॅपचं तयार फंक्शन) स्क्रीन नको, सगळं रिटर्न टेबलमधे परत द्यायचं, हा सॅपचाच नियम आहे. तुमच्या फंक्शनलाही तोच लावा. पहिल्या कॉलमधे फक्त तपासा आणि वजन जास्त असेल तर रिटर्नमधे डब्ल्यू टाइपचा (इशाऱ्याचा) मेसेज द्या. प्रश्न जावा विचारेल, मराठीत, काटेवाल्याला समजेल असा. तो हो म्हणाला तर दुसरा कॉल, सोबत एक फ्लॅग (हो म्हटल्याची खूण). दुसऱ्या कॉलमधे वजन परत तपासा, मधे चलन कुणी बदललेलं असू शकतं. आणि आत बापी_गुड्सएमव्हीटी_क्रिएट (मालाची नोंद करणारी) असेल तर बापी_ट्रान्झॅक्शन_कमिट (ती नोंद पक्की करणारी) त्याच सेशनमधे जायला हवं, जावात जेकोकॉन्टेक्स्टचं बिगिन आणि एंड (मधले कॉल एकाच सेशनमधे ठेवणारं) लावल्याशिवाय ते होत नाही, आमच्याकडे जळगावला यावरच दोन रात्री गेल्या होत्या.

—

धागाकर्ता:
भाऊ, खूप आभार. टेस्ट सर्व्हरवर झालं, बिगिन-एंड नव्हतंच, त्यामुळे आधी डॉक्युमेंट नंबर यायचा पण एमआयजीओत (मालाची आवक-जावक बघायची स्क्रीन) काही दिसायचं नाही, तेही आज कळलं. एकच विचारायचं राहिलं, राहिलेल्या गाड्यांचा रात्री एसएम३६ चा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लागतो, तो हेच फंक्शन कॉल करतो. त्याला फ्लॅग देऊनच ठेवू का?

—

उत्तर:
अजिबात नको. रात्री हो म्हणायला माणूस नसतो, आणि जास्तीच्या वजनाचे पैसे आपसूक निघतील. तशा गाड्या सोडून द्या, एसएलजी१ मधे दिसणाऱ्या लॉगमधे (सॅपची नोंदवही) गाडी नंबर टाका, सकाळी स्टोअरवाल्यांना स्क्रीनवर बघून ठरवू द्या.