मदत हवी आहे: ३७५ चौरस फूट, माणसं पाच. भिंतीतला पलंग, सरकतं पार्टिशन की आपली वळकटीच बरी?

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि गेल्या महिन्यात किल्ली हातात आली. कार्पेट ३७५ चौरस फूट. हॉल १४ बाय १०, बेडरूम १० बाय १०, किचन ८ बाय ७, उरलेल्यात संडास-बाथरूम आणि दीड ढांगेचा पॅसेज. माणसं पाच: सासूबाई (वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले), आम्ही दोघं, मुलगा दहावीला, मुलगी सहावीला.

चाळीत आमची १२ बाय १५ची एकच खोली होती. तिथं सकाळी गाद्यांच्या वळकट्या माळ्यावर गेल्या की तीच खोली जेवणघर, दुपारी सासूबाईंच्या भिशीची बैठक, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. जागा दुप्पट झाली आणि अडचण मात्र आत्ता वाटायला लागली! हौसेनं सहा बाय सव्वासहाचा डबल बेड आणला. बेडरूममध्ये तो बसला आणि बेडरूम संपली. कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. खालचा ड्रॉवर काढायचा तर बेडवर पालथं पडून हात खाली घालावा लागतो.

सध्या बेडवर सासूबाई आणि मुलगी. हॉलमध्ये आम्ही दोघं खाली गादीवर आणि मुलगा खिडकीशी टेबल लावून. त्याचा दिवा रात्री एकपर्यंत चालू. ह्यांची पहिली शिफ्ट, पहाटे साडेचारला उठतात. काय होत असेल ते समजून घ्या.

सुतारानं दोन गोष्टी सुचवल्यात: हॉलमध्ये दिवसा भिंतीत उभा होणारा डबल बेड, आणि हॉलच्या बरोबर मध्यावर स्लॅबला टांगलेलं सरकतं प्लायचं पार्टिशन. दोन्हीचे मिळून १ लाख ८० हजार, निम्मे आगाऊ. मुलगा या सगळ्यावर फिदा, कारण त्यानं हाँगकाँगच्या गॅरी चँग नावाच्या आर्किटेक्टच्या घराचा व्हिडिओ पाहिलाय. ३४४ चौरस फूट, छताच्या रुळांवर सरकणाऱ्या भिंती, एकाच जागेच्या म्हणे २४ रचना. मीही पाहिला. त्याच घरात तो लहानपणी आईवडील आणि तीन बहिणींबरोबर राहायचा, शिवाय एक भाडेकरूही. भिंती सरकायला लागल्या त्या बाकीचे गेल्यावर, तो एकटा राहायला लागल्यावर. आमच्याकडे कोण जाणार आहे?

तर विचारायचंय हे: आतल्या भिंती त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या आहेत, त्या असा पलंग धरतील का? पार्टिशन टांगलेलं बरं की खाली रूळ असलेलं? आणि उंची नऊ फूट आहे, पोटमाळा होईल का? बहिणीकडे सोफा कम बेड आहे. तो आठ दिवस उघडला, आता सगळे मान वाकडी करून सोफ्यावरच झोपतात. तसलं काही नका सांगू.

– वळकटी

*

बीडीडीवाली: ताई, मी नायगावची. १६० चौरस फुटांत आम्ही सात जणं होतो. पण खोटं कशाला बोला, १६० फुटांत कोण राहत होतं? वाळत घालणं, धान्य निवडणं, अभ्यास, पुरुषांचं झोपणं, सगळं गॅलरीत. टॉवरमध्ये फ्लॅट मिळतो, गॅलरी मिळत नाही. लॉबीत चपलांचं स्टँड ठेवलं तरी सेक्रेटरी येतो, आणि आगीच्या दृष्टीनं त्याचंही बरोबर आहे. घर मोठं होऊनही अडतंय ते त्यामुळे.

ओळंबा: साइटवर काम करतो म्हणून लिहितो. तो ब्लॉक एएसी, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला, असणार. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा ठोकून पलंग अडकवू देऊ नका. पलंग उघडला की चौकटीचं वरचं टोक भिंतीपासून सुटायला बघतं. त्यामुळे वजन जमिनीवर, चौकट खाली लादीला बोल्टनं आणि वर केमिकल अँकरनं (भोकात रासायनिक गोंद भरून बसवलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्टनं बांधलेली. आरसीसीची भिंत किंवा कॉलम मिळत असेल तर उत्तमच. ड्रिल मारून बघा: एएसीत ते लोण्यात सुरी जावी तसं जातं, काँक्रीटला अडतं. गादी किती जाड चालेल ते सुताराला आधी विचारा, फार जाड असली तर पलंग मिटणार नाही. आणि मागे-खाली हवेला भोकं ठेवा. बंद पेटीत पावसाळाभर गादी उभी ठेवली की सप्टेंबरात तिला बुरशीचा वास येतो.

पार्टिशन: आठ बाय चारचा १८ मिमीचा प्लाय एक शीट तीसेक किलोचा, असे दोन-तीन पल्ले. टांगलेलं चालेल, पण पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाकडे जाणारी वायर स्लॅबमध्येच असते, त्या रेषेत ड्रिल नको. खालचा रूळ सासूबाईंच्या पायात येईल, तो विषय सोडा.

पोटमाळा नऊ फुटांत म्हणजे खाली वाकून आणि वर रांगत. महापालिकेची परवानगी आणि सोसायटी ही वेगळी कटकट.

हापूसपेटी: बायकोला विचारलं, ती म्हणाली मुलाला दहावीनंतर हॉस्टेलला पाठवा. 😄

खिडकीपाशी: सरकत्या भिंती एकट्या माणसाचे चोचले, असंच काही नाही. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला १९२४ साली त्रूस श्रोडर या विधवा बाईंनी रिटवेल्ड नावाच्या आर्किटेक्टकडून घर बांधून घेतलं, तीन मुलांसाठी. वरचा मजला दिवसा सलग मोकळा, रात्री भिंती ओढल्या की मुलांच्या खोल्या. पण मला विचारायचंय वेगळंच. हा पलंग रोज उघडणार कोण आणि मिटणार कोण? चाळीत वळकट्या कोण गुंडाळायचं?

वळकटी: खिडकीपाशी, मीच. म्हणजे आधी सासूबाई, मग मी. हे वाचून नवरा गप्प बसलाय.

ओळंबा, खूप आभार. टेप घेऊन मोजलं तेव्हा कळलं की सुतारानं सांगितलेली मधली रेष बरोबर पंख्याखालून जातेय. पल्ला ओढला की पात्याला लागणार! आगाऊ पैसे दिले नव्हते, वाचले. आता विचार असा की खिडकीकडून साडेचार फुटांवर आडोसा करायचा. मुलाला साडेचार बाय दहा मिळतं. तीन फुटी पलंग आणि पुढे टेबल एका रांगेत बसतात, पंख्याचं पातं अर्ध्या फुटानं वाचतं. मात्र हॉलची एकमेव खिडकी त्याच्याकडे गेली.

ओळंबा: मग प्लाय नकोच अजून. छताला पडद्याचा रूळ लावा आणि जाड पडदा, वर फूटभर जाळी. महिनाभर रोज ओढला जातोय का बघा. ओढला जात असेल तर मग सुताराला बोलवा. मुलासाठी भिंतीवरचा पंखा.

वळकटी: पडदा ठरला. पलंग सध्या नाही, गाद्या नवरा उचलणार असं त्यानं कबूल केलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा. डबल बेड मात्र काढायचाय. सासूबाईंना तीन फुटी, उंच पायांचा, आणि त्याच्याखालून मुलीसाठी ओढायचा दुसरा. उंची किती ठेवू? अठरा इंच त्यांना बसायला-उठायला बरे पडतात, पण मग खाली दुसरा पलंग गादीसकट मावत नाही. कुणी असं करून घेतलंय का?