मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूनंतर वस्तीत राहून समुपदेशन कसे शिकावे?

नमस्कार. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला असून माझे क्षेत्रकार्य यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात, शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांमधील स्त्रियांसोबत चालू आहे. पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणे तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन मी एका ताईंकडे गेले, तेव्हा त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" एवढेच उत्तर दिले, मात्र कागद पिशवीत ठेवून मी त्यांच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलायला बसले, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "रात्री जीव थाऱ्यावर राहत नाही." हे वाक्य प्रश्नावलीच्या कोणत्या चौकटीत बसवावे, हे मला अजून उमगलेले नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणून मान्यता मिळवण्यासाठी एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते, हे मला माहीत आहे. परंतु रुग्णालयातील त्या प्रशिक्षणानंतर ओट्यावरच्या, शेजारणींच्या देखत होणाऱ्या संवादाची सवय सुटेल, अशी भीती वाटते (कदाचित ती अनाठायी असेल).

हा अभ्यासक्रम करून पुन्हा गावपातळीवर काम करणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. विशेषतः, आशाताईंना सोबत घेताना ऐकलेल्या गोष्टींची गुप्तता आपण कशी राखता, आणि नियमित पर्यवेक्षण कोणाकडून घेता? माझ्या पर्यवेक्षकांचा भर सध्या अहवालाच्या पानांवरच अधिक आहे.