मदत हवी आहे: बडोद्यात घरासमोरच्या रस्त्यावर बम्प (गतिरोधक) मंजूर करून घ्यायचा आहे, निर्णय नक्की कोणाचा?

तुळशीवृंदावन:

नमस्कार मंडळी. आम्ही मांजलपूरला राहतो, टेनामेंटांची, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची जुनी सोसायटी. समोर साधारण बारा मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, एका टोकाला प्राथमिक शाळा आणि दुसऱ्या टोकाला भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या). पूर्वी इथून इथलेच लोक जायचे. आता मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) जनरल शिफ्ट सुटली की मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला निम्मी गर्दी आमच्याकडून जाते. ॲक्टिवा, छोटे टेम्पो, कामगारांच्या व्हॅन. दुपारची शाळाही त्याच सुमारास सुटते.

पावसाळ्याआधी शेजारच्या आजोबांना एका दुचाकीने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. मग काही उत्साही मंडळींनी रात्रीतून सिमेंटचा उंचवटा घातला. ना पांढरे पट्टे, ना फलक. आठवड्याच्या आत आमचा दूधवाला त्यावरून कॅनसकट पडला. पुढे नवं डांबर पडलं त्यात तो उंचवटा गेला. रस्ता आता गुळगुळीत आहे आणि गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जातात.

वॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणाले, सह्यांचा अर्ज द्या, पण ट्रॅफिक पोलिसांचा अभिप्राय लागेल. पोलिसांकडे विचारलं तर रस्ता महापालिकेचा, अर्ज तिकडे. आपापल्या जागी दोघं बरोबर असतीलही, पण मी सुरुवात कुठून करू?

त्यात सोसायटीत दोन तट. बम्प सगळ्यांना हवा आहे, पण आपल्या फाटकासमोर कोणालाच नको. रात्री रिकामा टेम्पो आदळला की खिडक्या वाजतात म्हणे. बहुमताचं म्हणणं की शाळेच्या दारात एक घालून टाका, मुलांचं नाव पुढे केलं की कोणी नाही म्हणणार नाही. मला ते तितकंसं पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. बडोद्यात किंवा इतर कुठे कोणी हे काम कायदेशीर मार्गाने करून घेतलं असेल तर सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती भांडणं चालू आहेत.

दांडियाबाजार:

ताई, सगळ्यात आधी रस्ता टीपीचा आहे की सोसायटीचा ते बघा. टाउन प्लॅनिंग स्कीममधला रस्ता असेल तर तो महापालिकेचा. सोसायटीच्या मंजूर लेआउटमधला आतला रस्ता असेल तर तिथे सोसायटीनेच ठराव करून खर्च करायचा, वॉर्ड ऑफिस बहुधा हातही लावणार नाही. आमच्या मामांच्या सोसायटीने उत्साहाने अर्ज केला आणि उत्तर आलं की हा तुमचा खाजगी रस्ता. बारा मीटरचा आणि दोन्ही तोंडं मोकळी आहेत म्हणता, म्हणजे बहुतेक टीपीचाच. नकाशा बघून खात्री करा.

लेव्हलपट्टी:

रस्त्यांच्या कामावर आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा प्रश्न दोन खात्यांत फिरतोय, कारण तो खरंच दोन खात्यांचा आहे. रस्त्यावर काही बांधायचं, उचलायचं किंवा रंगवायचं ते महापालिकेने. रस्त्यावर कोणी, केव्हा, कोणत्या दिशेने यायचं ते पोलिस आयुक्तांनी. एकेरी वाहतूक किंवा ठरावीक वेळी टेम्पोबंदी हवी असेल तर गुजरात पोलिस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली आयुक्तांचा जाहीरनामा निघतो. म्हणून एकाच अर्जात "बम्प घाला आणि टेम्पो बंद करा" असं लिहू नका, तो दोन्हीकडे अर्धाच वाचला जाईल. दोन वेगळे अर्ज करा आणि प्रत्येकाची प्रत दुसऱ्याला लावा.

वेगाबद्दलही एक सांगून ठेवतो. केंद्राने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या रस्त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली कमी मर्यादा जाहीर झालेली नसेल, तर ५० ने जाणारा माणूस निदान आकड्यापुरता नियमातच बसतो. तेव्हा "गाड्या नियम मोडतात" हे अर्जात लिहू नका. "घरांच्या आणि शाळेच्या रस्त्याला हा वेग धोक्याचा आहे" असं लिहा.

आता बम्पाचं माप. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९९ ही मार्गदर्शिका १९८८ ची, २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यातला गोल पाठीचा बम्प गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ च्या आसपास गाडी आरामात पार व्हावी असा हिशोब. पडताळायचा असेल तर ३.७ चा वर्ग करा आणि त्याला १७ च्या आठपटीने भागा, जवळजवळ दहा सेंटिमीटर येतात. तुमच्या मंडळींनी रात्रीत घातलेला उंचवटा फार तर फूटभर रुंद असणार, तो नुसता अडथळा. दूधवाला पडणारच होता. बम्पाच्या ४० मीटर आधी फलक, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि कॅट-आय (दिव्याच्या उजेडात चमकणारे खडे) असतील तर उत्तम. रात्री दिवा नसलेल्या ठिकाणी बम्प मागूच नका.

मणका_चार:

माझा विरोध नोंदवून ठेवा. हँडल कशावरून घेतलं ते समजून घ्या. रिक्षात बसून दवाखान्यात जाताना प्रत्येक गल्लीतला बम्प मला आधीपासून पाठ आहे. निम्म्यांवर रंग नाही, आणि चालकाला जो दिसत नाही त्यावरून तो पूर्ण वेगाने जातो. खुबा मोडलेल्या आजोबांना १०८ मधून नेताना त्यांना काय वाटलं असेल ते एकदा विचारा. बम्प म्हणजे थोड्यांच्या बेशिस्तीची शिक्षा सगळ्यांच्या पाठीला.

लेव्हलपट्टी:

मणकासाहेब, तुमचा राग मापात नसलेल्या बम्पांवर आहे आणि तो रास्त आहे. ३.७ मीटरच्या पाठीवरून रिक्षा हळू गेली तर झोका बसतो, दणका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात मानक मापाचा उल्लेख असला की इंजिनिअरचंही काम सोपं होतं, त्याला काहीतरी धरून सही करता येते.

सायकलस्वार:

बम्पाशिवायही वाहतूक हळू करता येते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला घरांच्या गल्ल्यांत झाडं, कुंड्या आणि पार्किंग असं मांडलं की गाडीला सरळ जाताच येऊ नये. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने अशा गल्ल्यांना मान्यता दिली. तुमच्याकडे तशाही दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतील. काही अंतर डावीकडे आणि काही अंतर उजवीकडे असं आलटून पालटून पार्किंग आखलं तर सरळसोट पट्टा तुटतो. खर्च रंगाचा आणि चार फलकांचा.

लेव्हलपट्टी:

कल्पना चांगली, पण शाळेजवळ नको. उभ्या गाडीमागून पहिलीतलं पोर बाहेर आलं तर चालकाला ते बॉनेटसमोर येईपर्यंत दिसत नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काही मीटर जागा मोकळीच हवी. शिवाय आपल्याकडे आखलेल्या पट्ट्यात कोण किती दिवस गाडी लावतं हे तुम्हाला माहीत आहे.

तात्पुरता_पुणेकर:

कोणी रबरी पट्टे बसवून देतो म्हणाला तर हो म्हणू नका. आमच्या इथले पट्टे उखडले आणि त्यांचे खिळे महिनोन्महिने टायर फाडत राहिले. जाड पांढऱ्या रंगाच्या रंबल पट्ट्याही घरांजवळ नकोत, रात्रभर खडखडाट.

दांडियाबाजार:

आणि नगरसेवक. एका वॉर्डात चार असतात (१९ वॉर्ड, ७६ नगरसेवक). एकालाच पत्र दिलं तर बाकी तिघांना वाटतं आपल्याला डावललं. चौघांच्या नावे एकच पत्र लिहा आणि प्रत्येकाची पोच घ्या. हे मी अनुभवाने नाही, स्वभावाने सांगतोय.

लेव्हलपट्टी:

एक काम घरबसल्या करा, तुमच्या दोन तटांचं भांडण त्याने थोडं शांत होईल. रस्त्यावर खडूने ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा. गॅलरीतून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि गाडीला एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. सहा सेकंद म्हणजे ताशी ३०, साडेचार म्हणजे ४०, साडेतीनच्या जरा वर म्हणजे ५०. हे शाळेजवळ एकदा आणि रस्त्याच्या मधल्या भागात एकदा करा. शिफ्ट सुटताना आणि एरवीही. अर्जाला नुसत्या सह्या जोडण्यापेक्षा हा तक्ता जोडा. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्के वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाक्य अर्जात घालायला हरकत नाही.

तुळशीवृंदावन:

सगळ्यांचे आभार. रस्ता टीपीचाच निघाला, नकाशात स्पष्ट आहे.

आणि काका, खडूच्या खुणांनी आमच्या ग्रुपची बोलती बंद केली. माझ्या धाकटीने व्हिडिओ घेतले. शाळेच्या दारात रिक्षा, पालक आणि लाऱ्यांमुळे गाड्यांना वेग घेताच येत नाही, सहा सेकंदांच्या आत क्वचितच कोणी. मधल्या भागात, जिथे बाजूची एकही गल्ली येऊन मिळत नाही, तिथे बहुतेक दुचाक्या चार सेकंदांच्या आत आणि काही त्याहून जोरात. आजोबांना धक्का लागला तोही मधल्याच भागात. म्हणजे सगळे शाळेपाशी बम्प मागत होते आणि धोका होता दीडशे मीटर अलीकडे. आता मधल्या भागातल्या चार घरांचे चेहरे पडलेत, कारण बम्प त्यांच्यासमोर येणार.

काकांना दोन शंका. पाऊस मोठा झाला की आमच्याकडे पाणी साचतं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर पायऱ्यांपर्यंत आलं होतं. आडवा बम्प पाणी अडवणार नाही का? आणि नवं डांबर आत्ताच पडलंय, त्यावर लगेच काम करतील का?

लेव्हलपट्टी:

पाण्याची शंका खरी आहे. कडेला गटाराशी थोडी फट ठेवायची असते. ती जास्त रुंद ठेवली की दुचाकीवाला बम्प सोडून त्या फटीतून पळतो, तेही गटाराला चिकटून, म्हणजे तुमच्या फाटकाला चिकटून. फट पाणी जाण्यापुरतीच असू दे आणि तिथे एक खांब उभा करायला सांगा. चेंबरच्या झाकणावर बम्प येऊ देऊ नका, नाहीतर पहिल्या तुंबलेल्या ड्रेनेजला फोडतील.

एका बम्पाने शॉर्टकट बंद होत नाही. चालक एकदा ब्रेक मारतो आणि पुढे दुप्पट जोर लावतो. १९८८ च्या मार्गदर्शिकेत लागोपाठच्या दोन बम्पांमध्ये १०० ते १२० मीटर अंतर सांगितलं आहे. मधल्या भागात असे दोन मागा आणि शाळेच्या फाटकाशी बम्पाऐवजी उंचावलेलं क्रॉसिंग मागा, म्हणजे सपाट माथ्याचं, ज्यावरून मुलं फुटपाथच्या पातळीने पलीकडे जातील. सिग्नलवर वाचणारा वेळ तुमच्या रस्त्यावर परत जायला लागला की ती गर्दी आपोआप मोठ्या रस्त्याला लागेल. सगळी नाही, पण बरीच. आणि जागा ठरवताना दोन घरांच्या सामाईक भिंतीसमोरची निवडा, कोणाच्याच शयनगृहाच्या खिडकीखाली नको. चार घरांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

डांबर नवं असलं तरी वरून बम्प बसतो. पण पुढच्या वेळी डांबरीकरणाचं अंदाजपत्रक निघेल त्यात "आहेत ते बम्प मापात पुन्हा बांधणे" ही बाब घालून घ्या, नाहीतर हेही जातील.

मणका_चार:

सपाट माथ्याच्या क्रॉसिंगला माझी हरकत नाही. दोन बम्पांना आहे, पण अल्पमतात आहे हे कळतंय. रंग दरवर्षी मारणार का, हे तेवढं लेखी घ्या.

तुळशीवृंदावन:

मणकासाहेब, तुमची अट अर्जात शब्दशः घातली आहे. वॉर्ड ऑफिसचा अर्ज बम्प आणि क्रॉसिंगसाठी, पोलिसांचा वेगळा, शाळा सुटण्याच्या वेळेत टेम्पोबंदीसाठी. सह्यांसाठी आज मधल्या चार घरांकडेच आधी जाते. दोन्ही मसुदे गुजरातीत केलेत, पण सरकारी गुजराती माझी कच्ची आहे. इथे कोणाचं गुजराती माध्यमात शिक्षण झालं असेल आणि एकदा नजर घालायला वेळ असेल, तर निरोप टाका. वेगाचा तक्ताही सोबत पाठवते, त्यातलं काही काढून टाकावं वाटलं तर सांगा.